चाकूरच्या काट्यावरची गाडी

नांदेडला इंजिनिअरिंगला असताना मी आणि माझा मित्र एकाच बाकावर बसायचो. नोकरीला पुण्याला गेलो तेही बरोबरच, आणि ती सोडून लातूरला कंपनी काढायचं वेडही दोघांना एकदमच लागलं. मार्केट यार्डाच्या मागं, एका आडत दुकानाच्या माडीवर ऑफिस थाटलं. खाली तुरीची पोती, वर आमचे कॉम्प्युटर. धूळ इतकी, की कीबोर्ड रोज फडक्यानं पुसावा लागे.

सॉफ्टवेअर डाळमिलवाल्यांसाठी होतं. औसा, चाकूर, शिरूर अनंतपाळ इथल्या खासगी वजनकाट्यांना आम्ही आमची यंत्रं जोडली. काट्यावर गाडी चढली की माल कोणता, वजन किती, निघाला कुठं, हे त्याच क्षणी लातुरातल्या मिलमालकाच्या स्क्रीनवर उमटायचं. यार्डात सौद्याची बोली सुरू व्हायच्या आधीच त्याला आजची आवक कळायची. चाकूरची पहिली गाडी स्क्रीनवर दिसली तेव्हा आम्ही शाळकरी पोरांसारखे ओरडलो होतो.

त्याच हंगामात माझे वडील तूर घेऊन आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. सौद्याला वेळ होता, म्हणून जिना चढून ऑफिसात आले. मी हौसेनं स्क्रीन दाखवली. "ही बघा, दादा, तुमची गाडी. सकाळी चाकूरच्या काट्यावर चढली ती."

दादा जवळ सरकले. "हे मिलवाल्याला बी दिसतंय?"

"हाव. त्यांच्यासाठीच केलंय."

"म्हंजी आमी अजून वाटंलाच, अन् त्यान्ला कळतंय लई माल येऊन राहिला म्हणून?"

मी मान हलवली. ते चहा पिऊन खाली गेले.

आवक मोठी असली की भाव उतरायचा, हे आधीही होतंच. पण आधी खरेदीदारांनाही धाकधूक असायची, कुणीतरी घाईनं बोली वाढवायचा. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती. दादांनी मिळेल त्या भावात माल दिला. निघताना म्हणाले, "काम चांगलं शिकलास, बाबा." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला म्हणालो, "हीच स्क्रीन शेतकऱ्यांना मोबाइलवर देऊ. कुठं किती माल चाललाय ते त्यांनाही दिसू दे. गर्दी दिसली तर थांबतील, नाहीतर माल उदगीरच्या बाजारात नेतील."

"अरे, मिलवाल्यांना आधी कळतं, तेवढंच तर आपण विकतो," तो म्हणाला. "ते सगळ्यांना दिलं, तर आपल्याकडं राहतं काय?"

तरी माझ्यासाठी तो एका मिलमालकाशी बोलून आला. तसं करणार असाल तर यंत्रं काढून न्या, असं उत्तर मिळालं. मित्राचं नुकतंच लग्न झालेलं, ऑफिसातल्या पोरांची घरं आमच्यावर. तो चुकत होता असं मला आजही म्हणता येत नाही.

मी कंपनीतून बाहेर पडलो. भांडण झालं नाही. माझं सामान त्यानंच खाली आणून मोटारसायकलला बांधून दिलं. गाठ बसेना म्हणून तो बराच वेळ वाकून होता. त्यानं वर बघितलं तेव्हा डोळे लाल झालेले.

मग मी एकट्यानं शेतकऱ्यांसाठी ॲप केलं. काटेवाल्यांचे मिलवाल्यांशी करार, ते मला आकडे देईनात. मी आडत्यांना फोन करून भाव विचारायचो आणि ॲपवर टाकायचो. लोकांपर्यंत जाईस्तोवर तो शिळा व्हायचा. हळूहळू ॲप कुणी उघडेनासं झालं. दादांनी मात्र शेवटपर्यंत ते ठेवलं. ते गेल्यावर त्यांचा फोन मी हातात घेतला तेव्हा कळलं.

आता मी नांदेडला दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. मित्राची कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं घेतली. त्या दिवशी त्याचा फोन आला.

"माडी रिकामी केली रे आज. मला ठेवलंय त्यांनी. पण सगळं तिकडनंच ठरतं."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"दिवाळीला नांदेडला येतो. भेटू."

दिवाळीला तो आला होता, आठवडाभर राहिलाही, असं मला नंतर कॉलेजच्या वर्गातल्या एकाकडून कळलं.