तांबडीपुढची प्रार्थना

आई गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "फार कष्टाळू आणि फार देवभोळी बाई." मला रागच यायचा. खोटं नव्हतं ते, पण असं ऐकलं की वाटतं, माझी आई चेहरा पाडून राबायची आणि उरलेला वेळ डोळे मिटून बसायची. छे. तिच्याइतकं हसणारं माणूस आमच्या घरात दुसरं नव्हतं, आणि देवापुढे बसायला तिला कधी सवड झाली नाही.

उठल्या उठल्या गोठा, मग चूल, मग वाफ्यांतलं तण, दुपारी फाटकी पोती शिवायची, संध्याकाळी पुन्हा गोठा. म्हणून देवाचं काम तिने दूध काढायच्या वेळेवर टाकलं होतं. तांबडी गाईच्या पोटाला डोकं टेकवायचं, कासेवरून हात फिरवायचा आणि देवाशी बोलायला लागायचं. पुस्तकातलं काही नाही, घरातल्या-शेजारच्या एकेकासाठी मागणं. "देवा, थोरल्याला अक्कल दे. धाकटीच्या जिभेला लगाम घाल. ह्यांचा गुडघा बरा कर. शेजारणीचा खोकला थांबव." धाकटी म्हणजे मी. लगाम काही बसला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अण्णा, आमचे वडील, देवाच्या वाटेला जात नसत. "माझं त्याच्याशी भांडण नाही, ओळखच नाही," म्हणायचे. आई हसून सोडून द्यायची.

माझं पहिलं बाळंतपण जवळ आलं तेव्हा मी शहरात होते. पाय सुजलेले, नवरा दिवसभर कामावर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी भलतीच घाबरले होते. मला आई हवी होती, दुसरं कुणी नको होतं. फोन केला तर म्हणाली, "येते गं, पण तांबडीचं काय करू? माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही ती. दूध तुंबलं तर कास सुजेल तिची."

"गाय मोठी की मुलगी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दोघींना मीच लागते, त्याला मी काय करू?"

मी फोन आपटला आणि पोटभर रडले.

तिकडे थोरल्या दादाने आईची शाल पांघरून दूध काढून बघितलं. गाय वासाला फसेल असं त्याला वाटलं. तांबडीने शाल हुंगली, दूध वर चढवलं आणि एका लाथेत त्याला शेणात बसवलं. आई हसून हसून खाली बसली, मग माझी आठवण येऊन तिथेच डोळे पुसायला लागली.

अण्णांनी ते पाहिलं. संध्याकाळी ते गोठ्यात बादली पालथी घालून तिच्या मागे बसले. "वास नव्हे, तुझं बोलणं ऐकते ती. म्हण, मी पाठ करतो."

"तुमचा कुठे विश्वास आहे?"

"माझा नसेल. गाईचा आहे ना."

मग शाळेतल्या पोरासारखे रोज बसून ते शिकले. एकदा आपल्या अकलेने "माझा गुडघा बरा कर" म्हणाले, तर तांबडीची धार थांबली. तेव्हापासून स्वतःच्याच गुडघ्यासाठी "ह्यांचा गुडघा बरा कर" असं म्हणू लागले. आईने तोंडात पदर कोंबून हसू दाबलं. आणि अखेर बादली भरली.

आई आली. माझा हात धरून बसली, मुलगी झाली, तिला पहिली आंघोळ आईनेच घातली. त्या दिवसांत मी जितकी सुखी होते तितकी पुन्हा फारशी झाले नाही.

मला जरा ताकद आल्यावर आम्ही तिघी गावी निघालो. पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि गोठ्यातून अण्णांचा आवाज येत होता. थोरला झाला, धाकटी झाली, गुडघा झाला, खोकला झाला. मी हाक मारणार, तेवढ्यात ते पुढे बोलू लागले.

"देवा, हिने सगळ्यांचं मागितलं, स्वतःचं काहीच नाही. इतके दिवस मी म्हणतोय, पण ही त्यात कुठेच नाही. तुझी माझी ओळख नाही, तरी सांगतो. हिला सुखी ठेव. आणि लवकर घरी पाठव, मला करमत नाही."

मी पुढे झाले, तर आईने माझा दंड धरला. तिचे गाल ओले झाले होते.

"थांब," ती कुजबुजली. "दूध उतरतंय. होऊ दे त्यांचं."