बारा फुटांच्या खोलीत फिरलेली होडी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरीही लिहायला बसलो आहे, कारण माझा पुतण्या दिनेश गेली कित्येक वर्षे लग्नकार्यांत ‘आजोबांची होडी’ हा किस्सा रंगवून सांगतो, आणि तो धादांत खोटा आहे. त्यात मध्यरात्र आहे, रडणारी बाई आहे, आणि शेवटी माझे वडील त्या होडीतच प्राण सोडतात. माझे वडील त्यानंतर चार वर्षे जगले — आणि सुके बोंबील चवीने खाऊन जगले. घटना भर दुपारी घडली. खोलीत बाई नव्हती. होतो ते बाबा आणि मी, आणि दाराशी चहा घेऊन आलेला वेटर.

आम्ही डोंबिवलीच्या खाडीकाठचे कोळी. मी शिकलो, कल्याणच्या एका शाळेत भूमिती शिकवू लागलो. बाबांनी मात्र ऐंशीच्या घरात पोहोचूनही आपली चौदा फुटी होडी सोडली नव्हती. खाडीत मासळी उरली नव्हती, पाण्याला कारखान्यांचा वास येई, होडी चिखलात कुजत होती. १९९१ साली बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना मी ती विकून टाकली... त्यांना न विचारता. ती माझी चूक होती, आणि हे मी कोणी सांगितल्यामुळे म्हणत नाही. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर बाबांनी रिकामा काठ पाहिला आणि माझ्याशी बोलणे बंद केले. सात महिने. जेवताना मी शेजारी असलो तरी ते माझ्या पत्नीला म्हणत, “सूनबाई, त्याला सांग, मीठ दे.”

होडी घेतली होती ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका हॉटेलमालकाने. गृहस्थ हौशी. त्याच्या हॉटेलात प्रत्येक खोलीचा थाट निराळा. काश्मीर रूममध्ये थर्मोकोलचा बर्फ, जंगल रूममध्ये प्लास्टरचा वाघ — त्याच्या जबड्यात टेलिफोन — आणि राजमहाल रूममध्ये पलंगावर चक्क छत्रचामरे. आमची होडी गेली कोळीवाडा रूममध्ये. तिच्यात गादी घालून तिचा पलंग केला होता. भिंतींवर निळा समुद्र, छताला जाळे, जाळ्यात प्लास्टिकचे पापलेट.

मी नुसती होडी बघू द्या म्हणालो, तर मॅनेजर म्हणाला, “मास्तर, रूम बघायला नाय, राहायला असते.” म्हणून मी एका दिवसाचा मुक्काम ठरवला. घरी बाबांच्या देखत पत्नीला म्हणालो, “त्यांना सांग, होडी दाखवायला नेतो आहे.” सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसले.

खोलीत शिरताच त्यांनी होडीच्या कडेवरून हात फिरवला. प्लास्टिकच्या पापलेटांकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांची नजर गेली दोरावर. सजावटवाल्याने खिडकीच्या गजाला दोर बांधून त्याचे दुसरे टोक होडीच्या मागच्या बाजूला अडकवले होते. होडीचे तोंड दाराकडे होते. कोळ्याचे लहान पोरही असे करणार नाही. होडी नांगरताना दोर तोंडाला बांधतात, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी जसे फिरेल तशी ती फिरते आणि प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. मागे बांधली तर पाणी आत घुसते.

“यो दोर कोनी बांधला रं?” बाबा खिडकीकडे बघून गरजले. मग दोर सोडून होडीच्या तोंडाकडे आणू लागले. बोटांत जोर नव्हता.

“बघतंस काय? ओढ!”

सात महिन्यांनंतर थेट मला उद्देशून आलेला हा पहिला शब्द. मी ओढले. त्यांनी गाठ मारली, मग ते होडीत चढले आणि दाराकडे तोंड करून मांडी घालून बसले. “पानी फिरंल आता,” म्हणाले.

दारावर टकटक झाली. मी दार उघडून वेटरच्या हातून चहाचा ट्रे घेतला आणि वळलो. यास अर्धे मिनिटही लागले नसेल. होडीचे तोंड खिडकीकडे होते. बाबा तिच्यात तसेच बसले होते. फक्त आता त्यांची पाठ माझ्याकडे होती. वेटर “अरे देवा!” म्हणाला आणि जिन्याने पळाला.

आता इतरांचे तर्क. मॅनेजरचे म्हणणे, पोरांनी सफाईसाठी फिरवली असेल. साफ चूक. होडी चार बोल्टांनी चौथऱ्याला जखडलेली होती. नटांवर चौथऱ्याचाच निळा रंग बसला होता, आणि त्या रंगाला चरासुद्धा नव्हता. मी गुडघ्यांवर बसून पाहिले. दिनेशचे म्हणणे, आजोबांनीच ढकलली. मग मी टेप मागवून मापे घेतली ती कशासाठी? खोली सोळा फूट लांब, बारा फूट रुंद, छत जेमतेम सात फुटांवर. चौदा फुटांची होडी त्या खोलीत फिरूच शकत नाही — आडवी नाही, उभी नाही आणि तिरपीही नाही. मालकाने ती आत ठेवून मगच भिंत बांधली होती. पत्नी म्हणे, मला भास झाला. भास झाला असेल तर वेटर का पळाला?

आम्ही रात्री तिथेच राहिलो. रात्री काहीही घडले नाही. बाबा घोरत होते.

हे कसे घडले, ते मला ठाऊक नाही. मी कागदावर खोली आणि होडी कितीदा काढली, किती रीतींनी फिरवून पाहिली. दर वेळी होडी भिंतीला अडते. कोणाजवळ उत्तर असेल तर मापांसह द्यावे, नुसत्या गप्पा नकोत.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. माजिवडा सुटला तसे बाबा सुरू झाले. विचारलं का नाय? वल्ही कुठं टाकलीस? बापाची होडी कोन विकतं रं, चार बुकं शिकल्याव? कल्याणच्या खाडीपुलावर श्वास घ्यायला थांबले, पाण्याकडे बघितले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे खरे वाटणार नाही... पण डोंबिवली येईपर्यंत मी एकदाही उलट बोललो नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाला थांबू लागला, तेव्हा मीच त्याला म्हणालो, “अजून एक फेरी घे, गाडी थांबवू नकोस.”