मोकळी सुटलेली पिन

तोच फोन तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला आणि तिसऱ्यांदाही ठणठणीत निघाला. अंबडच्या आमच्या कारखान्यात इंटरकॉमचे फोन बनतात. सर्व्हिस मी पाहते. हा फोन इगतपुरीकडच्या एका धरणावरचा, दरवाज्यांजवळच्या केबिनमधला. तक्रार एकच: पाऊस असला की नंबर लागत नाही. साहेब म्हणाले, कुणीतरी पाणी पाडलं असेल, तूच जाऊन बघ.

गेले. पाऊस असा की छत्री नुसती शोभेला. गेट ऑपरेटर सोमादादांनी आधी चहा पाजला, मग गाऱ्हाणं सांगितलं.

"ताई, कंट्रोल रूममधून फोन येतो, पन इथून लागत नाय. मोबाइलला रेंज नाय. पानी चढलं तर भोंगा वाजवा म्हणून कुनाला सांगू? खाली वाडी हाय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते काळजीने बोलत होते, म्हणून मीच ओशाळले.

रिसीव्हर कानाला लावून बटण दाबलं. 'पीं' यायला हवं होतं, आलं 'टिक-टिक-टिक'.

इथे थोडं समजावते. फोनमध्ये डायलर आयसी असतो, अठरा पायांचा काळा किडा. प्रत्येक पायाला, म्हणजे पिनला, नेमून दिलेलं काम. काही पिना कोणतं बटण दाबलं ते ओळखतात, एक रिसीव्हर उचलल्याचं सांगते, एक सूर बाहेर पाठवते. आणि एक असते मोड पिन. नंबर सुरात पाठवायचा की जुन्या पद्धतीने टिकटिक करत, हे ती ठरवते. धरणावरच्या नव्या एक्स्चेंजला, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या यंत्राला, टिकटिक कळतच नाही.

फोन उघडला. मोड पिन कुठेच जोडलेली नव्हती. पूर्वी तिथे एक छोटा स्विच असायचा. टिकटिक आता वापरतं कोण, म्हणून साहेबांनी तो नव्या बोर्डावरून काढायला लावला होता. स्विच गेला, पिन मोकळीच राहिली. कोरड्या हवेत ती नशिबाने नीट वागायची, दमट हवेत बिघडायची. माझ्या टेबलावर येईस्तोवर फोन सुकलेला असायचा.

बोर्ड ओढणीने पुसून स्टोव्हच्या उबेला धरला: पीं. तोंडाची वाफ दिली: टिक-टिक. मग तारेचा एक तुकडा सोल्डर करून ती पिन वीजपुरवठ्याच्या पिनला जोडून टाकली. दादांनी कंट्रोल रूमचा नंबर लावला. लागला.

चूक तुमची, हे साहेबांना नोकरी न घालवता कसं सांगायचं? शेवटी मोकळ्या पिनेचाच एक बोर्ड फोनला जोडून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "सर, यावर चष्म्यावर देता तशी वाफ द्या."

त्यांनी दिली, बटण दाबलं. टिक-टिक.

त्यांनी माझ्यासमोरच धरणाच्या इंजिनिअरना फोन लावला. "दोष आमच्या बोर्डात आहे. निर्णय माझा होता. शोधला आमच्या मॅडमनी." विकलेले सगळे फोन, तक्रार असो वा नसो, त्यांनी परत मागवले.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी पाणी भराभर चढलं. केबिनमधून फोन गेला, भोंगा वाजला, वाडीतली माणसं गुरांसकट वर आली. रेंजमध्ये आल्यावर सोमादादांनी मला कळवलं. "ताई, लागला." एवढंच.

साहेबांचे उपकार मी विसरणार नाही. दुसरा कुणी असता तर 'पाणी पाडलं' असाच रिपोर्ट माझ्याकडून लिहून घेतला असता. बाकी, मोड पिन मोकळी सोडू नये, हे आयसीच्या माहितीपत्रकाच्या, डेटाशीटच्या, पहिल्याच पानावर छापलेलं आहे. ते वाचायला आम्हाला इगतपुरीपर्यंत भिजत जावं लागलं.