ऊन घरात येत नाही, चिखल येतो

चुलीपुढं बसून बाईला शहाणपण येतं म्हणतात. माझं होतं नव्हतं तेही तिथंच जळालं. नव्वदच्या सुमाराला, साखऱ्याच्या आमच्या घरात, मी माझ्या सख्ख्या धाकट्या दिराचा चहाचा कप वेगळा ठेवला होता. आता हसू नका. म्हणजे हसा, पण हेही ऐका, की माझ्या सासूनं उभा जन्म दुसऱ्याच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेल्या कपातून चहा पिला होता. आणि त्याच सासूच्या घरात, दारावर निळा झेंडा असताना, मी अक्कलवान बाईनं पुन्हा वळचणीला कप खोचला!

प्रल्हाद भाऊजी गेल्याला आता महिना होत आला. सकाळी भाकरी थापताना फोन वाजला. पलीकडून जाऊबाई सुनंदा एवढंच म्हणाली, "अक्का, हे गेले..." तव्यावरची भाकर करपली, आणि मला रडू यायच्या आधी तो कप आठवला.

माझं लग्न झालं तेव्हा भाऊजी माझ्या पदराला नाक पुसायचे. पुढं नांदेडला शिकले आणि समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात लागले. गावाला अणू म्हणजे बॉम्ब एवढंच ठाऊक. त्यात काही वर्षांमागं रशियातली भट्टी फुटल्याचं रेडिओवर ऐकलेलं. विहिरीवर बाया सांगायच्या, "तिथल्या मान्सायच्या अंगातून किरनं निघून राहतेत." मी तर त्यात आणखी मीठमसाला घालायची. एप्रिलात जयंतीला भाऊजी आले, तेव्हा माझं धाकटं लेकरू रांगत होतं. मी त्यांचे कपडे काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकले आणि चहा दिला तो कान तुटलेल्या, निळ्या फुलाच्या कपात. दूध मोजायला ठेवलेला कप तो, घरात दुसरं कुणी त्यात पीत नव्हतं. विसळला बाहेरच, आणि खोचला वळचणीला. मोठं संकट परतवल्याचा तोरा होता माझ्या चालण्यात!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या नजरेला पडला.

"ह्यो कप भाईर काहून?"

"त्याला किरनं लागलेत, आत्या."

त्यांनी तो कप काढला, पदरानं पुसला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि भाऊजींच्या समोर बसून सावकाश पिल्या. मग म्हणाल्या, "असल्या कपाला मी वळखते." भाऊजी मान खाली घालून बसले. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण साखऱ्याची जमीन मुरमाड, तिनंही घेतलं नाही.

जरा वेळानं भाऊजींनी मला अंगणात बोलावलं.

"वैनी, उन्हात काम करून तुमी घरी येता. ऊन संगं येतं काय?"

"न्हाई."

"अन् चिखल?"

"तो येतो की पायाला लागून."

"बास. किरनं म्हंजी ऊन. अंगावर पडलं ते तिथंच ऱ्हायलं. छातीवर बिल्ला असतो, कोनावर किती ऊन पडलं ते त्यावरून कळतं. लय झालं तर त्या मान्साला आत सोडत न्हाईत. भ्या असतं ते चिखलाचं, बारीक धुळीचं. म्हून निघताना यंत्रापुढं हातपाय दाखवावे लागतात. यंत्र बोंबललं की परत धुवा."

"मंग भीती न्हाईच म्हना."

"असं कसं म्हनू? भट्टी बंद केली तरी आतली ऊब जात न्हाई, पानी खेळवत ऱ्हावं लागतं. एक पंप बंद पडला तर दुसरा, त्याच्या मागं तिसरा. भीती हाय म्हून तर येवढी राखन."

समजावलं सगळं, पण आवाज कोरडा होता. सुनंदाला घेऊन एस्टीत बसले, तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता या घरात पाय ठेवत नाही.

पुढच्या जयंतीला आले! ओसरीवर बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वैनी, माझा कप आना." घरात तोवर नव्या कपबशा आल्या होत्या, त्या पुढं केल्या. "न्हाई, माझा तो." मग दर वर्षी तेच. कप आता आत, फळीवर सगळ्यांच्या कपांत असायचा, तरी मागून घ्यायचे. टोमणा होता का गंमत, कळायचं नाही, आणि विचारायची छाती नव्हती.

बाकी मात्र मी सगळं विचारलं. अणू फुटला की काय होतं? तर पाणी उकळतं, वाफ होते, वाफेनं चाक फिरतं. मी म्हणाले, "येवढा घोर पानी उकळायला? माझी चूल काय वाईट?" ते म्हणाले, "चुलीचा धूर तुमच्या डोळ्यात जातो, वैनी. कोळशाचा गावाच्या. आमच्यात धूर न्हाई." "अन् राख?" "थोडी असते, पन लय जहाल. पान्याच्या हौदात ठेवतो, वर्षानुवर्षं." "मंग पुढं?" "पुढचे लोक बघतील..." मी म्हणाले, "म्हंजी उष्टी भांडी लेकरांसाठी ठेवून झोपायचं!" खूप हसले. मग म्हणाले, "ह्याचं बराबर उत्तर माझ्यापाशी न्हाई."

नंतर लोडशेडिंग आलं. जयंतीला आलेला वीजवाला दीर आमच्या ओसरीवर कंदिलाची काच पुसत बसायचा, आणि मी चिमटे काढायची. "कुठं जाती हो तुमची वीज?" "देशाच्या विजेत आमची चिमूटभरच, वैनी. पिठात मीठ." "मिठानं कुनाचं पोट भरलंय?" "न्हाई भरत. पन नुसत्या पिठाचं तरी तुमी खाता काय?" अशी आमची भांडणं. आता ओसरीवर लाइट असली तरी भांडायला कोणी नाही.

मातीला आलेल्यांत कुजबुज होतीच, अणूनंच गेला असंल. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, साखरेचा आजार तर जुनाच. मला त्या कुजबुजीचा राग आला नाही. विचारायलाच पाहिजे. फक्त उत्तर यायच्या आधी कप बाहेर ठेवू नये, एवढं मला माझ्या येडेपणानं शिकवलं.

परवा सुनंदा आली. चहा टाकला आणि हात आपसूक फळीवरच्या निळ्या फुलाकडं गेला. त्यातच ओतला, तिच्यापुढं ठेवला, आणि इतक्या वर्षांचं एकदाचं विचारून टाकलं, "खरं सांग, ह्यो कप ते रागानं मागायचे का गं?"

तिनं दोन्ही हातांत कप धरला. डोळे भरलेले, आणि तरी हसली.

"पयल्या साली रागच व्हता, अक्का. एस्टीत हिंगोलीपस्तोर बोलले न्हाईत. मंग घरी गेल्यावर, मी पुढं केलेला चहा बघून म्हनले, 'वैनीचा कप याच्या दुप्पट व्हता. भिऊन का व्हईना, तिनं घरातला सगळ्यात मोठा कप मला देला.'"