दाव्यासकट

बाई गेल्यापासून मी रोज थोडं थोडं लिहिते. एक ओळ झाली की उठून खिडकीशी जाते, परत येते. बाईंना माझं अक्षर आवडायचं, एवढाच लिहिण्याला आधार. पण आज रडगाणं लिहायचं नाही. आम्ही जिंकलो होतो, ते लिहायचं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीला विश्रामबागेत विद्यापीठाचं मातीसंशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे भाड्याचा बंगला, आणि मोटार ठेवायच्या खोलीत प्रयोगशाळा. व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर मातीचे ढीग वाळत असत. वारा सुटला की आम्ही दोघी धावत जाऊन त्यांच्यावर पाट्या पालथ्या घालायचो. दोघी म्हणजे केंद्रप्रमुख बाई आणि मी, त्यांची हंगामी साहाय्यक. बाई मेढ्याकडच्या, फौजी घरातल्या, मोजकं बोलणाऱ्या. मी पलूसची. आमच्याकडे नदीचं पाणी उचलून उसाला आलं होतं आणि पाण्यापाठोपाठ काही रानांना मीठ फुटू लागलं होतं. जास्त पाण्यानं रान कसं बिघडतं, ते आम्ही मोजत होतो.

माझी नेमणूक दर वर्षी संपायची आणि दर वर्षी वाढायची. आई म्हणायची, "टेंपरवारी नोकरी म्हंजे पावन्याचं जेवान. कुनी ऊठ म्हनायच्या आत उठावं." त्या वर्षी तिनं बजावलं होतं, कायम झालीस तर राहा, नाहीतर दिवाळीनंतर स्थळ बघणार. मला ती मातीची खोली सोडायची नव्हती.

अशात देणगी चालून आली. पलूसकडचे एक मोठे बागायतदार, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सगळे त्यांना आबा म्हणत. ते केंद्राला इमारत बांधून देणार होते आणि एका कायम साहाय्यकाच्या पगाराची तजवीजही करणार होते. मनातल्या मनात मी त्या खुर्चीवर बसूनही आले. मग अटी कळल्या. ती जागा त्यांच्या भाच्याला द्यायची, आणि निष्कर्ष आधी त्यांना दाखवून त्यांनी होकार दिला तरच बाहेर काढायचे.

विद्यापीठाचा नियम साधा होता. देणगी कोणत्या कामासाठी, हे देणाऱ्यानं सांगावं. माणूस कोण घ्यायचा आणि निष्कर्ष कुणाला सांगायचे, हे विद्यापीठ ठरवणार. पण साध्या नियमाला वाकवायला निमित्तही साधंच पुरतं.

देणगीचं ठरवणाऱ्या समितीची बैठक आमच्याच बंगल्यात होती; आबाही आले होते. मी कपबशा मांडून वही घेऊन बसले, तर बाई म्हणाल्या, "तू बाहेर बस."

"टिपणं कोण घेणार?"

"या जागेसाठी तू अर्ज करणार आहेस ना? मग आज या खोलीत तुझं काम नाही."

मला लागलं ते. मी व्हरांड्यात ढेकळं फोडत बसले. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं.

विद्यापीठातून आलेले उपकुलसचिव म्हणाले, "बाई, मुलगा बी.एस्सी. आहे. किरकोळ अटींसाठी इमारत हातची घालवू नका."

"आवं बाई," आबा म्हणाले, "देनार मी, आन् माज्याच पोराला दारात उभं ऱ्हा म्हनायचं?"

बाई एकदम घरच्या बोलीत शिरल्या. "आबा, बाजारात बैल इकता तवा गळ्यातलं दावं देता का?"

"न्हाई. दावं आपल्याकडंच ऱ्हातं. त्याच्यासंगं लक्ष्मी जाती."

"आन् लेकीला गाय आंदन दिली तर?"

"तवा दाव्यासकट. लेकीच्या गाईचं दावं सोडून घेनारा बाप बघितलाय का कुटं?"

"मंग ही इमारत तुमी इकताय का आंदन देताय?"

आत खुर्ची सरकली. "लय ग्वाड बोलून दार दावलंसा, बाई," असं म्हणत आबा बाहेर आले. मला बघून थांबले. "पलूसची न्हवं तू? बाई खट हाय गं तुजी." आणि जीप निघून गेली.

"इमारत गेली," उपकुलसचिव म्हणाले.

"मोटारीची खोली आहे अजून," बाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळत होतं, पण त्यांनी समजूत काढली नाही.

एका सकाळी आबा पुन्हा आले. हातात जनावर बांधायचं कोरं दावं. ते त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवलं. "घ्या. दाव्यासकट. पर भाचा अर्ज करंल. तेवढं तरी चालतंय?"

"चालतंय की. कुनीबी करावा."

जाहिरात निघाली. मुलाखतीला मला आत बोलावलं तेव्हा बाई बाहेर येत होत्या. ही माझ्या हाताखालची, हिच्या निवडीत मी नको, असं सांगून त्या उठल्या होत्या. दारात आम्ही समोरासमोर आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जाऊन बाकावर बसल्या. या वेळी मी आत आणि त्या बाहेर. मी आयुष्यात तेवढी नीट कधी बोलले नव्हते.

निवड माझी झाली. भाचा म्हणाला, "ताई, मीठ कसं मोजायचं ते मलाबी दावा कवातरी." आईला सांगितलं, "पान माझंच आहे. आता उठत नाही." ती पदरानं डोळे पुसत साखर शोधायला गेली.

ते दावं आम्ही विहिरींच्या पाण्याचे नमुने काढायला वापरलं. पहिले निष्कर्ष पलूसला शाळेच्या पटांगणात वाचले. आबा पुढच्या रांगेत. इतरांसारखे तेही पहिल्यांदाच ऐकत होते. सगळ्यात जास्त मीठ त्यांच्याच नदीकडच्या रानात निघालं होतं. मी अडखळून बाईंकडे पाहिलं. "वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, इमारत बांधून ह्येच ऐकायचं व्हतं व्हय?"

"तर रं. माज्या रानाचं ऐकलंस म्हनून तरी तुजं पानी तोडशील." आबा उठून माझ्याकडे वळले. "किती कमी करायचं, ते सांग पोरी."

मग माणसं आपापल्या रानांचं विचारायला पुढे सरकली. मी सांगत राहिले, ऊन उतरेपर्यंत. परतीच्या एसटीत बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आवाज जरा मोठा ठेव." मी खिडकीकडे तोंड करून सांगलीपर्यंत हसत होते.