कडेला सरकवलेली भिंत

बुद्धिबळात मला एकच गोष्ट जमते. पटाच्या मध्यभागी चार प्याद्यांची भिंत उभी करायची आणि समोरच्याला तिच्यावर डोकं आपटू द्यायचं. लग्नानंतर वाडीला सासऱ्यांसमोर पहिल्यांदा खेळायला बसलो, तर त्यांनी सुरुवातीलाच कडेचं प्यादं काढलं. मग त्याच्या शेजारचं. असं का, म्हणून विचारलं.

"मधात लय गर्दी राह्यते, जवाईबापू."

म्हणजे माझ्या भिंतीकडे कोणी फिरकणारच नव्हतं. दुसरं काही येत नसल्यामुळे मी तीच भिंत कडेला, त्यांच्या प्याद्यांसमोर बांधायला घेतली. बांधकाम लांबलं. तोवर तर्री-पोह्यांची बशी रिकामी झाली की भरत होती. जावयाला नको म्हणायची सोय नसते.

शेवटी भिंत झाली, कुठे फट नाही. मी मागे टेकून बसलो. सासरे गोदामं बांधण्याचे ठेकेदार. त्यांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली, मग मोकळ्या पडलेल्या मध्यातून वजीर सरळ आणून शह दिला.

"भिंत पक्की हाये," ते म्हणाले. "तुमचा राजा तेवढा बाहेर राह्यला."