पाने काढलेल्या चार काड्या

यिन शोउथ्येन काका परवा गेले. फेइचंग शहराजवळच्या आमच्या गावात त्यांची ओळख दोन गोष्टींनी होती: हट्ट, आणि अंगणातले जुन्या जातीचे पीच. फळ इतके रसाळ की सालीला भोक पाडून नळीने प्यावे. बाजारापर्यंत ते टिकत नसे, म्हणून बाकी सगळ्यांनी आपल्या झाडांवर कलम करून टणक, लाल जाती चढवल्या. काकांनी नाही.

शेजारचे म्हातारे कंग दरवर्षी कलमासाठी काडी मागत; काडीवरच्या एका डोळ्यातून, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबातून, नवे झाड होते.

"मुलगी माग, देतो. डोळा मिळणार नाही," काका म्हणत.

"तिचं तोंड तुझ्यासारखंच असणार. नको," असे म्हणून कंग फळ खाऊन जात.

तीन वर्षांपूर्वी झाडाच्या खोडातून डिंक गळू लागला. त्याच उन्हाळ्यात काकांचा उजवा हात अर्धांगाने गेला, डोळ्यांत मोतीबिंदू तर आधीपासूनच होता. रानटी रोपांच्या नव्या खुंटांवर जुन्या झाडाचे डोळे भरायला त्यांनी कंगांना नाही, मला बोलावले. मी जीनानहून साहित्याची पदवी घेऊन आले होते.

"अगं पंडितीणबाई, काडी यंदाची घे, जोमदार. पानं लगेच काढ, देठ तेवढे ठेव. नाहीतर डोळा सुकतो."

वरच्या फांद्या रोडावल्या होत्या. बुंध्याशी चार धुमारे सरळ, हिरवेगार उभे होते. मी ते कापले, पाने काढली. काकांनी काड्यांवरून डावा हात फिरवला.

"छान निवडल्यास."

त्यांनी सांगितले तसे मी डोळे भरले. चारही जगले. तेव्हा त्यांनीच जुने झाड तोडायला लावले.

यंदा पहिली फळे आली. अक्रोडाएवढी, केसाळ. कंगांनी एक चावून थुंकले.

"हे तर खुंटाचं रानपीच! जुन्या झाडाच्या कलमाखालचे, खुंटातून फुटलेले धुमारे कापलेस काय गं? अरुंद पान असतं त्याचं. एक जरी पान ठेवलं असतंस, तर या आंधळ्याला बोटांनी कळलं असतं."

"पानं मीच काढायला सांगितली," काका म्हणाले. मग कंगांकडे वळून, "तुला एक काडी दिली असती, तर..."

"तर आज माझ्या दारात असतं. आणि तू मला चोर म्हणाला असतास."

काकांनी फळ तोंडात घातले. तोंड वाकडे न करता पूर्ण खाल्ले. मीही एक उचलले.

"ठेव ते," काका म्हणाले. "माझं आहे."